बांधकामापूर्वी मोठे सपाटीकरण : गवताचा पट्टा किती रुंद, कुठे आणि कसा राखावा

लासूर स्टेशनला रेल्वे आणि बाजार समिती आधीपासून होतीच. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि हडस पिंपळगावच्या बाजूने रस्त्यावर चढणे-उतरणे सोपे झाले. अशा ठिकाणी गोदाम, प्लॉटिंग, पेट्रोल पंप, सौर प्रकल्प यांसाठी शेतजमिनीला मागणी येते. बांधकामाचे पहिले काम म्हणजे सपाटीकरण. चार-पाच दिवसांत पोकलेन दहा एकरांवरचे बांध, गवत, बाभळी आणि वरची माती एकत्र करून टाकतो. हे काम बहुधा एप्रिल-मे महिन्यात होते, कारण रब्बी निघालेली असते आणि जमीन कोरडी असते. त्यानंतर लगेच पाऊस येतो.

या लेखात त्या पावसाच्या आधी काय करायचे ते सांगितले आहे. तुमचीच जमीन सपाट होत असेल तरी हे लागू आहे आणि वरच्या अंगाला दुसऱ्याची जमीन सपाट होत असेल तर जास्तच लागू आहे.

किती माती जाते, याचा हिशेब

एक एकरावरून फक्त १ मिलिमीटर जाडीची माती वाहिली तर ती सुमारे ४ घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास होते. दहा एकरांवरून ५ मिलिमीटर गेली तर सुमारे ७० ब्रास. पाच मिलिमीटरचा फरक साइटवर उभे राहून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ती माती खालच्या बाजूला एका कोपऱ्यात, एका विहिरीत किंवा एका नाल्यात गोळा होते तेव्हा लक्षात येते.

पाण्याचेही तसेच. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडते. नांगरट असलेल्या शेतात त्यातले बरेच मुरते. रोलर फिरलेल्या, दबलेल्या जमिनीत फार थोडे मुरते आणि बाकीचे उताराला लागते.

गंगापूर तालुक्यात शिवना नदीकडच्या सखल भागात काळी भारी माती आहे, उंचवट्यावर हलकी मुरमाड. दोन्हींचे वागणे वेगळे आहे. मुरमाचे खडे आणि जाड रेती जड असल्यामुळे गवताच्या पहिल्या काही फुटांतच थांबतात. काळ्या मातीतला चिकण भाग मात्र पाण्यात विरघळल्यासारखा तरंगतो आणि गवतातून पार जातो. म्हणून काळ्या जमिनीवर नुसता पट्टा पुरत नाही. त्याच्या वरच्या बाजूला पाणी थोडा वेळ थांबेल असा खड्डा किंवा चर लागतो. हा भाग अनेक जण गाळतात आणि मग ‘गवत लावूनही गढूळ पाणी आलेच’ अशी तक्रार करतात.

खालच्या शेतात याची किंमत लगेच कळते. कापसाची लागवड झाली असेल आणि सरकीवर दोन-तीन सेंटिमीटर चिखल बसून वाळला, तर वर घट्ट पापडी येते आणि कोंब बाहेर पडत नाही. दुबार लागवडीचे बियाणे, मजुरी आणि गेलेला पंधरवडा परत मिळत नाही. खरीप कांद्याच्या रोपवाटिकेवर असा गाळ आला तर रोप मरतेच. आणि इथून सुटलेला बारीक गाळ शिवनेतून गोदावरीत, तिथून जायकवाडीच्या नाथसागरात जातो.

नियम काय सांगतात

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन उकरणाऱ्या बांधकामाला पावसाच्या पाण्याचा परवाना घ्यावा लागतो. तिथल्या केंद्रीय परवान्यात ओढा, नदी, तलाव यांच्या काठाने ५० फूट रुंदीचा नैसर्गिक झाडोरा तसाच ठेवावा, किंवा तेवढीच माती अडेल अशी दुसरी व्यवस्था करावी, अशी अट आहे. गाळ-तळे खोदायचे असेल तर त्याचे एक माप एकरी ३,६०० घनफूट आहे. आपल्या भाषेत एकरी ३६ ब्रास.

आपल्याकडे मातीकामाला सगळीकडे लागू होणारा असा एकच आकडा नाही. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम क्षेत्राच्या इमारत प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या अटींमध्ये वरची माती वेगळी साठवणे आणि पावसाच्या पाण्याचा निचरा यांचा उल्लेख सहसा असतो. तुमच्या शेजारी असा मोठा प्रकल्प असेल तर मंजुरीपत्र मागून घ्या आणि त्यातल्या अटी वाचा. जमिनीवर उभारल्या जाणाऱ्या सौर प्रकल्पांना मात्र ही मंजुरी लागत नाही. तिथे तुमच्या हातात करारनामा एवढेच साधन असते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, याकडे सगळ्यांचे लक्ष असते. वरची माती कुठे ठेवली जाणार, पाणी कोणत्या बाजूने बाहेर पडणार आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या अवस्थेत परत मिळणार, हे सहसा कुणी विचारत नाही. जमीन परत नांगरायची असेल तर भाड्याच्या आकड्याइतकेच हेही महत्त्वाचे आहे. करारात खालच्या हद्दीला गवताच्या पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये लिहून घ्या. ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ या वाक्याचा काही उपयोग नाही.

रुंदी किती ठेवावी

आधी उतार मोजा. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने किंवा ए-फ्रेमने हे काम दोन माणसे अर्ध्या तासात करतात. शंभर फुटांत एक फूट उतरत असेल तर उतार १ टक्का.

उतार १ टक्क्यापर्यंत असेल आणि खाली शेजाऱ्याचे शेत असेल तर किमान ५ मीटर. उतार १ ते ३ टक्के असेल तर ८ ते १० मीटर. नाला, नदी किंवा विहिरीच्या बाजूला उतार कमी असला तरी १५ मीटर धरावे. ५ टक्क्यांच्या पुढे पट्ट्यावर विसंबू नका; आधी समतल चर आणि गाळ-खड्डा, मग पट्टा.

एका चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर असते. म्हणजे ५ मीटरच्या पट्ट्याला सव्वातीन गुंठे आणि १० मीटरच्या पट्ट्याला सव्वासहा गुंठे जातात. जागेचा भाव पाहता मालक नको म्हणणार, हे उघड आहे. त्यावर एक चांगला उपाय आहे. लेआउट मंजूर करताना १० टक्के खुली जागा सोडावी लागते. नकाशा काढतानाच ती उताराच्या खालच्या बाजूला धरली तर पट्ट्याची बरीचशी जागा त्यातच निघते. गोदामाच्या बाबतीत खालच्या बाजूची सामासिक जागा थोडी वाढवून घ्यावी. पण हे नकाशाच्या वेळीच सुचायला हवे. पोकलेन आल्यावर त्याला काही अर्थ राहत नाही.

पाणी पसरून यायला हवे

पट्टा निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण रुंदी नसते. पाणी सगळ्या लांबीवर पातळ थराने आले तरच गवत ते अडवते. तेच पाणी एका जागी धारेने आले तर पंधरा मीटरचा पट्टाही एका पावसात चिरला जातो. मोकळ्या जमिनीवर पाणी साधारण ३० मीटर वाहिले की ते धारेत गोळा होऊ लागते. म्हणून सपाट केलेल्या क्षेत्रात दर २५-३० मीटरवर उताराला आडवा छोटा वरंबा घालावा आणि पट्ट्याच्या अगदी वरच्या काठाला समपातळीत एक चर काढावा. चराची खालची कड एका पातळीत असली पाहिजे. ती भरली की पाणी सगळीकडून सारखे सांडते. चार बोटांचा फरक राहिला तरी पाणी तेवढ्याच जागेतून फुटते.

काळ्या जमिनीत याच चराच्या सखल टोकाला गाळ-खड्डा घ्यावा. एकरी ३६ ब्रासचे माप जमले तर उत्तम. न जमल्यास जेवढा होईल तेवढा खोदा, पण तोंडाला दगडी सांडवा करा आणि पाणी पट्ट्यावरच सोडा.

साइटवर जुना ओहोळ असेल तर तो बुजवून त्यावर पट्टा आखू नका. पाणी जुनी वाट विसरत नाही. ओहोळ तसाच ठेवून दोन्ही काठांना गवत राखावे.

कोणते गवत

उत्तम गवत म्हणजे आधीपासून तिथे असलेले. मारवेल, पवना, कुंदा अशी बहुवर्षायू गवते बांधावर असतील तर ती जागा खुंट्या ठोकून, दोरी बांधून आखून घ्या आणि चालकाला प्रत्यक्ष दाखवा. तिथे यंत्र वळवू नये, डिझेलची टाकी ठेवू नये, मुरमाचा ढीग टाकू नये. एकदा दबलेल्या जमिनीवरचे गवत उभे दिसले तरी पाणी मुरवत नाही.

नवे लावायचे असेल तर पहिल्या चांगल्या पावसानंतर मारवेलचे ठोंब लावावेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गवत योजनेत मारवेलचे सुधारित वाण आहेत. चाराही मिळतो, त्यामुळे पट्टा टिकवायला मालकालाही कारण राहते. पट्ट्याच्या वरच्या कडेला वाळ्याची एक ओळ, ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवून लावावी. वाळ्याची मुळे खोल सरळ जातात, शेजारच्या पिकात पसरत नाहीत. कर्नाटकात गुंडलुपेट भागातले शेतकरी बांधावर वाळा फार पूर्वीपासून राखत आले आहेत. मात्र ओळ दाट व्हायला एक-दोन पावसाळे लागतात, हे धरून चाला.

हरळी माती घट्ट धरते, यात वाद नाही. पण खाली कांद्याचे शेत असेल तर शेजारी तुम्हाला दुवा देणार नाही. ती मुद्दाम लावू नका. गाजरगवताने हिरवा दिसणारा पट्टा हा पट्टाच नव्हे. बुडाशी जमीन उघडी असते आणि पाणी खालून निघून जाते.

आणखी दोन सवयी पट्टा मारतात. उन्हाळ्यात बांध जाळणे आणि तणनाशक फवारून बांध ‘स्वच्छ’ करणे. पावसाच्या तोंडावर जळलेला पट्टा आणि उघडी जमीन यांत फरक राहत नाही.

मे महिन्यात काम झाले आणि गवतच नाही, तर

अशा वेळी कोरड्या वस्तू वापरा. लासूर भागात पऱ्हाट्यांची कमतरता नाही. एक-दीड फूट जाडीच्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या खालच्या हद्दीला आडव्या रचून, अर्धा फूट जमिनीत पुरून, खुंट्यांनी पक्क्या कराव्यात. दगड मिळत असेल तर दोन फुटी दगडी बांध घालावा. त्याच्या वर पाच-सहा मीटरच्या पट्टीत बाजरी किंवा ताग नेहमीपेक्षा दुप्पट दाट पेरावा. चार आठवड्यांत बऱ्यापैकी आच्छादन होते. सगळे क्षेत्र एकदम उघडे करण्याऐवजी पावसाआधी पुरे होईल तेवढेच उघडावे.

वरची १५ ते ३० सेंटिमीटर माती आधी वेगळी काढून वरच्या अंगाला ढीग करावा, नाल्याकडे नाही. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नसावा. त्यावरही ताग टाकावा.

पावसाळ्यात पाहणी

प्रत्येक मोठ्या पावसानंतर पट्ट्याच्या वरच्या काठावरून एकदा चालत जा. तिथे गाळ साचून हळूहळू वरंबा तयार होतो. मग पाणी पट्ट्यात न शिरता काठाने वाहते आणि एका जागी फुटते. हा गाळ फावड्याने ओढून काढावा. पेंढ्यांच्या किंवा दगडी बांधाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ आला की काढावा. गवत कापताना १०-१५ सेंटिमीटर ठेवावे, त्यापेक्षा खाली कापू नये. पावसाळ्यात त्यावर जनावरे सोडू नयेत.

खालच्या शेतकऱ्याने काय करावे

सपाटीकरण सुरू होताच तुमच्या बांधाचे, विहिरीचे आणि पाणी येण्याच्या-जाण्याच्या जागांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. मालकाशी आधी बोलून घ्या आणि ठरलेले कागदावर आणा. गाळ शेतात आलाच तर तो उचलण्यापूर्वी तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा. नांगरून टाकल्यावर पुरावा राहत नाही.

भरावामुळे उलटे झाले असेल, म्हणजे खालच्या बाजूला जमीन उंच करून तुमच्या शेतातले पाणी अडवले गेले असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. शेतातून नैसर्गिकपणे वाहणाऱ्या पाण्याला बेकायदा अडथळा करून शेताचे किंवा पिकाचे नुकसान होत असेल, किंवा होण्याची शक्यता असेल, तर तो अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. जूनमध्ये पाणी तुंबले आणि तुम्ही दिवाळीनंतर बघू म्हणालात, तर मुदतीचे फार थोडे दिवस उरतात. लासूर स्टेशनच्या शेतकऱ्यांसाठी हे काम गंगापूर तहसीलमध्ये होते.

चर आणि गाळ-खड्ड्यात साठलेली माती ऑक्टोबरनंतर, वाफसा आल्यावर काढावी. ती बहुतेक वरच्या थराचीच असते. मुरमाचा भाग वेगळा करून ती पुन्हा शेतात पसरता येते. खड्डा पुढच्या पावसासाठी रिकामा होतो.