हजेरीची नोंद आणि वास्तव्याचा पुरावा : सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास

भारतीय संविधानाच्या पाचव्या अनुच्छेदाने नागरिकत्व ठरवताना अधिवास, म्हणजे एखादा प्रदेश आपले कायमचे घर मानून तेथे राहणे, ही मूळ अट घातली आणि तिच्या जोडीला तीनपैकी एक कसोटी पुरेशी मानली : स्वतःचा जन्म भारतात झालेला असणे, आई-वडिलांपैकी एकाचा जन्म येथे झालेला असणे, किंवा संविधान लागू होण्याच्या लगतपूर्वी निदान पाच वर्षे येथे वास्तव्य असणे. बहुसंख्य लोकांना या कसोट्या कधी जाणवल्याही नाहीत, कारण सातबारा, घरपट्टीची पावती किंवा गावदप्तरातील जन्मनोंद त्यांची साक्ष द्यायला हजर होती. ज्यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते, त्यांच्यापुढे मात्र कोण, कुठे, कधीपासून राहतो हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला. आणि त्या प्रश्नाचा इतिहास सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये फार स्पष्ट वाचता येतो.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, तेव्हा तो मुख्यतः उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्रित स्वरूपात मांडला गेला. एखादी संपूर्ण जमात जन्मतःच गुन्हेगार ठरवता येते, हे या कायद्याचे गृहीतक होते, आणि त्यातला अन्याय कितीही वेळा सांगितला तरी कमीच आहे. जाहीर केलेल्या जमातींतील माणसांची नावे नोंदवहीत घेतली जात, बोटांचे ठसे घेतले जात. आणि दहाव्या कलमानुसार त्यांना ठरावीक मुदतीने हजेरी देण्याची, राहण्याचे ठिकाण कळवण्याची, ते बदलायचे असल्यास आगाऊ सांगण्याची आणि घरापासून दूर जाण्याची प्रत्येक वेळ नोंदवण्याची सक्ती करता येत असे. लग्नाला, बाजाराला किंवा आजारी नातेवाइकाला भेटायला परगावी जायचे, तर पास घ्यावा लागे. नागरिकत्वाच्या अर्जात आज प्रवासाच्या ज्या तारखा मागितल्या जातात, त्या तारखा या माणसांच्या बाबतीत शासनच लिहून ठेवत होते. फरक इतकाच की ते लिखाण त्यांना हक्क देण्यासाठी नव्हते, त्यांना जखडून ठेवण्यासाठी होते.

सेटलमेंट म्हणजे अशा नोंदलेल्या कुटुंबांना एकत्र ठेवण्याची, देखरेखीखालची वसाहत. मुंबई इलाख्यात या वसाहतींची घडी ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बसवली, आणि हुबळी, गदग, विजापूर यांच्याबरोबर सोलापूर हे त्यांतले मोठे केंद्र झाले; येथील कारभार पुढे अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवण्यात आला. सोलापूरची निवड का झाली, याचे उत्तर कापड गिरण्यांत आहे. १८७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून विष्णू आणि लक्ष्मी या गिरण्यांपर्यंत सर्वांनाच स्वस्त आणि खात्रीने रोज येणारे मजूर हवे होते, आणि तारेच्या कुंपणाआड ठेवलेली कैकाडी, कंजारभाट, टकारी, पारधी आदी कुटुंबे ती गरज भागवत होती. त्यामुळे त्याच माणसाचे नाव एकीकडे वसाहतीच्या हजेरीपटावर आणि दुसरीकडे गिरणीच्या मस्टरवर चढत असे. वर्तन समाधानकारक वाटले, तर कुटुंबाला कुंपणाबाहेर ‘फ्री कॉलनी’त राहण्याची मुभा मिळे, मात्र देखरेख पूर्ण सुटत नसे. सेटलमेंट फ्री कॉलनी क्रमांक अमुक, असा पत्ता सोलापुरात आजही लिहिला जातो.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये मागे घेतला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला, म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. या जमातींना सवलती द्यायच्या, तर त्यांची यादी हवी होती. ती महाराष्ट्रात थाडे समितीच्या कामातून तयार झाली आणि २१ नोव्हेंबर १९६१ च्या शासन निर्णयाने मान्य झाली. त्या यादीत चौदा जमाती विमुक्त म्हणून आल्या. पुढे हीच तारीख मानीव दिनांक ठरली, म्हणजे जातीच्या दाखल्यासाठी अर्जदाराचे किंवा त्याच्या पूर्वजांचे महाराष्ट्रातील वास्तव्य ज्या दिवशी असल्याचे दाखवावे लागते तो दिवस. अनुसूचित जातींसाठी हा दिवस १० ऑगस्ट १९५० आहे, तर इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. याशिवाय वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हवे असल्यास राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती सामान्यतः जन्मानेच नागरिक असते. तेव्हा प्रश्न हक्काचा नसून तो कागदावर दाखवण्याचा आहे, आणि ज्याचा जन्म पालात किंवा वाटेत झाला, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा ठरतो.

असा पुरावा प्रत्यक्षात कुठे सापडतो, हे पाहिले तर शाळेचे जनरल रजिस्टर सर्वांत भरवशाचे ठरते. त्यात अनुक्रमांक, मुलाचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक आणि शाळा सोडल्याचा दिनांक असे रकाने असतात, आणि त्याच्या नकलेला प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात. जन्मतारखेच्या रकान्यात पुष्कळदा १ जून लिहिलेले आढळते, कारण खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती आणि शाळा जूनमध्ये सुरू होत; ती तारीख शंकास्पद असली, तरी प्रवेशाचा दिनांक मात्र सहसा खरा असतो आणि त्या सुमारास ते कुटुंब त्या गावी होते, याला त्यावरून बळकट आधार मिळतो. खेड्यात कोतवाल बुक, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद, हेच काम करते. ज्या कुटुंबाचे पोर शाळेतच गेले नाही आणि ज्याचे घर कोणत्याही गावच्या दप्तरात चढले नाही, त्याला गृहचौकशी आणि शपथपत्रावर विसंबावे लागते.

वास्तव्याच्या वर्षांवर हक्क तोलण्याची प्रथा या भागाला अपरिचित नव्हती. सोलापूरहून तुळजापूरला पोचण्याआधीच निजामाचे राज्य लागे, आणि तेथे सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’ असणे आवश्यक होते. बाहेरच्याला मुल्की व्हायचे, तर १५ वर्षांचे कायम वास्तव्य आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र लागे. मात्र तेथे पुरावा मागितला जाई तो नोकरी इच्छिणाऱ्या शिक्षितांकडे. विमुक्त-भटक्यांकडे तो जगण्याच्या प्राथमिक गोष्टींसाठी मागितला गेला, हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील विमुक्त-भटक्या जमातींसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि कायम पत्ता यांचा अभाव या समाजांच्या वंचनेच्या मुळाशी असल्याचे ठळकपणे मांडले. ज्या शासनाने यांच्या दोन-तीन पिढ्यांची प्रत्येक रात्रीची जागा लिहून घेतली, त्याच शासनव्यवस्थेने त्यांच्या नातवंडांकडे आजोबा १९६१ मध्ये कुठे होते याचा कागद मागावा, आणि तो शोधण्याचा सगळा भार अर्जदारावरच टाकावा, हे न्याय्य नाही. सेटलमेंटची, गिरण्यांची आणि त्या काळच्या शाळांची जी रजिस्टरे अभिलेख कक्षांत व शाळांच्या कपाटांत अद्याप टिकून आहेत, ती वाळवीच्या तावडीतून सोडवून त्यांच्या प्रती काढाव्यात, नावांची सूची करावी आणि मागणाऱ्याला नक्कल विनामूल्य द्यावी. जिल्हा प्रशासनाने हे काम हाती घ्यावे आणि सोलापूरच्या इतिहास-अभ्यासकांनी त्यात आपला वाटा उचलावा.