पहिल्या महायुद्धकाळातील अहमदनगर जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१९१८) मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्याची (आताचा अहिल्यानगर जिल्हा) सार्वजनिक आरोग्यव्यवस्था प्रामुख्याने सिव्हिल सर्जन, नगरपालिका, लोकल बोर्डे व अमेरिकन मराठी मिशनची वैद्यकीय सेवा यांवर अवलंबून होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ही व्यवस्था अपुरी ठरली.

रचना व कायदे

अहमदनगर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली. ग्रामीण भागातील स्थानिक कारभार १८८४ च्या कायद्यान्वये लोकल बोर्डांकडे होता. मृत्यूची नोंद गावकामगार करीत. त्यांना वैद्यकीय शिक्षण नसल्यामुळे बहुतेक मृत्यू नुसत्या ‘ताप’ या सदराखाली जात. या काळातील रोगवार आकडे त्यामुळे जपूनच वापरावे लागतात.

साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ पासून अमलात होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या निमित्ताने झालेल्या घरझडत्या आणि रँडचा वध यांमुळे सक्तीच्या उपायांविषयी सरकार पुढे सावध राहिले. युद्ध सुरू झाल्यावर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अनेक डॉक्टर सैन्यसेवेत गेले व मुलकी खात्यात मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली.

नजरकैद छावणी

जर्मन व अन्य शत्रुराष्ट्रीय नागरिकांना अहमदनगर येथील छावणीत ठेवण्यात आले होते. १९१७ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या प्रतिनिधींनी तिची पाहणी करून अन्न, पाणी, स्वच्छता व औषधोपचार यांचा अहवाल दिला. छावणीबाहेरच्या खेड्यांची अशी पाहणी करणारे कोणी नव्हते, हा विरोध लक्षणीय आहे.

१९१८ ची साथ

जून १९१८ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट ऑक्टोबरमध्ये शिगेला पोहोचली. सैनिकांची ये-जा व रेल्वे यांमुळे संसर्ग दूरवर गेला; जिल्ह्यातून दौंड–मनमाड लोहमार्ग जात होता. मृतांमध्ये २० ते ४० वयोगटाचे प्रमाण मोठे होते. इलाख्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या. त्याच वर्षी पावसाने दगा दिला, धान्य महागले आणि चाराही मिळेनासा झाला. घरातील कर्ती माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्याने उरलेसुरले पीक काढणेही कठीण झाले. रोगावर औषध नव्हते; शुश्रूषा, पेज, दूध व ऊब एवढाच उपाय होता, आणि दुष्काळात नेमका तोच दुर्मीळ होता. मुंबई इलाख्यात सुमारे १० लाख लोक मृत्युमुखी पडले.

लोकसंख्येवरील परिणाम

१९११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४५ हजार होती. १९२१ मध्ये ती सुमारे ७ लाख ३२ हजार भरली. ही सर्व घट साथीच्या माथी मारणे बरोबर नाही. १९२० मध्येही पाऊस अपुरा झाला होता आणि मार्च १९२१ च्या शिरगणतीच्या वेळी अनेक कुटुंबे पोटासाठी जिल्ह्याबाहेर गेली होती.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य ही खाती प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविण्यात आली.