शून्याचा अविकार

पाचांत शून्य मिळविले तर पाचच राहतात, हे शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पण जिच्या येण्याने दुसरीच्या रूपात तिळमात्र फरक पडत नाही, अशा संख्येचेही पान संख्यांच्या पंक्तीत मांडावे, ही कल्पना सुचण्यास माणसाला फार काळ लागला. बाबिलोनी लोकांनी रिकाम्या स्थानासाठी खूण वापरली. ती खूणच राहिली. इ. स. 628 मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त नियम घालून दिले : धन व शून्य यांची बेरीज धन, ऋण व शून्य यांची ऋण, शून्य व शून्य यांची शून्य. बेरजेतील शून्याला आणि गुणाकारातील एकाला आज अविकारक म्हणतात, तो हाच गुण.

गुणाकारात मात्र हे सौम्य शून्य संहारक होते. पाच असोत वा सात, शून्याने गुणले की कोण पाच होता आणि कोण सात, याचा मागमूसही उरत नाही. मग शून्याने भागून ते रूप परत मिळेल काय? ब्रह्मगुप्त येथे अडखळला. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असे सांगून तो मोकळा झाला. भास्कराचार्य अधिक सावध. पुढील क्रिया शिल्लक असतील तोवर शून्याने गुणलेली राशी पुसू नये, ‘खगुण’ म्हणून जपावी, आणि पुढे शून्यानेच भागावयाचे असेल तर ती अविकृत समजावी, असे त्यांनी 1150 च्या ‘लीलावती’त सांगितले. तेथील एक उदाहरण श्रोत्यांनी मनातल्या मनात करून पाहावे. एका संख्येला शून्याने गुणिले, त्यात त्याचेच अर्ध मिळविले, तिहींनी गुणिले, शून्याने भागिले, 63 आले. ती संख्या 14. चौदा आणि सात एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. दोन्ही शून्ये जणू आलीच नाहीत!

उत्तर मोहक आहे. पण ही मुभा सरसकट दिली, तर शून्य गुणिले एक आणि शून्य गुणिले दोन समान असल्यामुळे एक व दोनही समान ठरतात, आणि कोणत्याच संख्येला स्वतःचे रूप उरत नाही. म्हणून आजच्या अंकगणितात शून्याने भागणे वर्ज्य आहे.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. हे उदाहरण सोडविताना तेथील एखाद्या शिष्याने, ‘गुरुजी, मग एक आणि दोन एकच का?’ असे विचारले असेल काय, कोण जाणे.