पेटी तीच, स्पीकर दुसरा

इंदूरच्या मराठी घरात ‘पेटी’ म्हटले की अजूनही हार्मोनियमच डोळ्यांपुढे येते. परंतु गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याच्या पाठीशी काळ्या रेक्झिनने मढवलेले जे लाकडी खोके असते, तीही एक पेटीच. तिच्यातला स्पीकर फाटला आणि बाजारात त्या मापाचा मिळाला नाही, की पेटीसकट सारे भंगारात जाते. हे मला पटत नाही, आणि या पेटीचा इतिहासही माझ्याच बाजूने बोलतो.

स्वर एका जागी उमटतो आणि दुसऱ्या जागी भरतो, ही गोष्ट माळव्याला नवी नाही. होळकर दरबाराशी नाते असलेले बीनकार बंदेअली खाँ पुण्यात वारले. ते जी बीन वाजवीत तिच्या दांडीखालचे दोन भोपळे हेच काम करीत. विजेच्या स्पीकरला पेटी लागते ती आणखी एका कारणाने. त्याचा कागदी शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. दोन्ही एकत्र मिसळल्या की खर्ज तिथल्या तिथे नाहीसा होतो. मध्ये फळीचा आडोसा हवा. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर जगापुढे ठेवला, तोही फळीत बसवूनच.

पुढे लंडनचा ड्रमवादक आणि वाद्यविक्रेता जिम मार्शल १९६२ पासून गिटारचे ॲम्प्लिफायर बनवू लागला. त्या काळचे स्पीकर जेमतेम २०-२५ वॅटचे. ताकदवान ॲम्प्लिफायरपुढे दोन टिकेनात, म्हणून त्याने एका पेटीत १२ इंची चार बसवले. ‘द हू’चा पीट टाउनशेंड १९६५ मध्ये आठ मागू लागला. तशी पेटी झालीही, पण उचलणाऱ्यांची कंबर मोडू लागली, तेव्हा तिच्या दोन करून एकीवर एक ठेवण्यात आल्या. जगप्रसिद्ध झालेली ही रचना अशी हमालीच्या सोयीतून आली! पेटीचे गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ सालीच मांडले होते, पण ते जगभर पोचायला पुढचे दशक उजाडले. शिवाय गिटारच्या पेटीला त्या गणिताची सक्ती कमी; घरच्या संगीतयंत्राला ती अधिक.

तेव्हा सुताराला बोलवावे. १२ इंच हे माप स्पीकरच्या बाहेरच्या कड्याचे. भोक सुमारे ११ इंचांचेच लागते. १० इंची बसवायचा असेल तर जुन्या भोकावर पाऊण इंची प्लायवूडची नवी फळी स्क्रूने घट्ट बसवून तिला सव्वानऊ इंचांच्या आत-बाहेरचे भोक पाडावे. उलट मोठा बसवायचा असेल तर करवत हाती घेण्याआधी मागची खोली मोजावी, नाही तर चुंबक ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकतो. फट राहू देऊ नये; फटीतून हवा शिट्टी घालते.

सुताराच्या हातात नसलेली गोष्ट म्हणजे ओहम. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ होतात, एकसर जोडले तर १६. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर लिहिलेल्या आकड्याशी हे जुळलेच पाहिजे. ट्रान्झिस्टरच्या यंत्रावर कमी ओहमचा भार पडला तर तेच जळते. दोन स्पीकर असतील तर तारा उलट-सुलट लागून एक पुढे आणि दुसरा मागे सरकतो, आणि खर्ज पुन्हा हरवतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावावा. दोन्ही शंकू एकाच दिशेने हलले की मागची फळी लावून टाकावी.