प्रत्येक गटातली शेवटची नोंद डेटाबेसमधून कशी काढायची?

व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की प्रत्येक चॅटचा फक्त शेवटचा मेसेज दिसतो. मेसेज हजारो, पण चॅटमागे ओळ एकच. एसक्यूएल वापरून डेटाबेसमधून अशी 'प्रत्येक गटामागे एक ओळ' काढणं सोपं वाटतं, पण नवशिके इथेच हमखास चुकतात.

समजा, तक्त्यात सोसायटीच्या मेंटेनन्सच्या नोंदी आहेत. फ्लॅट 101 ने 5 जानेवारीला 2,000 रुपये भरले आणि 7 एप्रिलला 1,500. आपल्याला प्रत्येक फ्लॅटचा शेवटचा भरणा हवा आहे.

चूक कुठे होते?

बहुतेक जण फ्लॅटवर 'ग्रुप बाय' आणि तारखेवर 'मॅक्स' लावतात आणि सोबत रक्कमही मागतात. पण 'मॅक्स' ओळ निवडत नाही, फक्त त्या रकान्यातली सर्वांत मोठी किंमत सांगतं. रक्कम कोणत्या ओळीतली घ्यायची, हे आपण सांगितलेलंच नसतं.

पोस्टग्रेएसक्यूएल अशी क्वेरी नाकारतं. मायएसक्यूएल मात्र 5.7 आवृत्तीपूर्वी मूळ सेटिंगमध्ये ती मुकाट चालवायचं आणि गटातल्या कुठल्याही ओळीची रक्कम द्यायचं. एरर घालवायला रकमेवरही 'मॅक्स' लावलं, तर 7 एप्रिलपुढे 2,000 येतात. असा भरणा कधी झालेलाच नाही!

बरोबर पद्धती

1. जॉइन: आधी प्रत्येक फ्लॅटची शेवटची तारीख काढा. मग फ्लॅट आणि तारीख दोन्ही जुळवून तो निकाल मूळ तक्त्याला जोडा. ही पद्धत जुन्या आवृत्त्यांतही चालते.

2. रो नंबर: 'पार्टिशन बाय' फ्लॅटवर, 'ऑर्डर बाय' तारखेवर, उतरत्या क्रमाने. प्रत्येक फ्लॅटच्या ओळींना 1, 2, 3 असे क्रमांक मिळतात. बाहेरच्या क्वेरीत फक्त क्रमांक 1 ठेवा. ही सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 8.4 पासून (2009) आणि मायएसक्यूएलमध्ये 8.0 पासून (2018) आहे.

एकाच दिवशी दोन भरणे असतील तर?

जॉइन दोन्ही ओळी देईल. 'रो नंबर' एकच देईल, पण कोणती, याचा भरवसा नाही. म्हणून 'ऑर्डर बाय'मध्ये तारखेनंतर पावती क्रमांकही उतरत्या क्रमाने घाला. दोन्ही ओळी हव्या असतील, तर तारखेवरच क्रम ठेवून 'रँक' वापरा.

शेवटी एक तपासणी करा: निकालातली ओळ मूळ तक्त्यात जशीच्या तशी सापडते का? सापडत नसेल, तर आकडे कितीही खरे वाटले तरी क्वेरी चुकली आहे.