अक्षरे जुळविण्याचा खेळ: नियम आणि मराठीतील वाट

सोलापूर : वर्तमानपत्रातील शब्दकोडे नित्य सोडविणाऱ्यांना संगणक व मोबाइलवरील अक्षरसोंगट्यांचा खेळ परका वाटणार नाही. शब्दकोड्यातील उत्तर दुसऱ्याने ठरविलेले असते. येथे मात्र हाती आलेल्या अक्षरांतून शब्द आपणच घडवायचा असतो.

या प्रकाराचे मूळ 'स्क्रॅबल' या खेळात आहे. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी तो १९३० च्या दशकात रचला आणि १९४८ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. कोलकात्याच्या रजत व जयंत अगरवाला या बंधूंनी त्याच धर्तीवर केलेला 'स्क्रॅब्युलस' २००७ मध्ये फेसबुकवर गाजला. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली; पटाच्या मांडणीवरील स्वामित्वहक्काचा दावा मात्र प्रथमदर्शनी मान्य केला नाही. २००९ मध्ये 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' मोबाइलवर आला.

खेळ कसा खेळावा?

पट १५ बाय १५, म्हणजे २२५ घरांचा असतो. स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात १०० सोंगट्या असून प्रत्येक खेळाडूपाशी सात राहतात. पहिला शब्द मधल्या घरावरून जावा लागतो. पुढचा प्रत्येक शब्द आडवा वा उभा, पटावरील अक्षरांना जोडूनच मांडायचा. दुर्मीळ अक्षराला गुण अधिक. काही घरे अक्षराचे, तर काही पूर्ण शब्दाचे गुण दुप्पट वा तिप्पट करतात. हा लाभ त्या घरावर सोंगटी प्रथम पडते तेव्हाच मिळतो. सातही सोंगट्या एकाच डावात वापरल्यास स्क्रॅबलमध्ये ५० गुण जादा मिळतात. विशेषनामे चालत नाहीत. पाटावरच्या खेळात शब्दाला हरकत घेता येते. 'वर्ड्स विथ फ्रेंड्स'सारख्या खेळात शब्द संगणकच तपासतो.

मराठीत एक घर म्हणजे काय?

इंग्रजी नियम मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. 'हुतात्मा' हा सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याचा शब्द घ्या. संगणक त्यात ह, उकार, त, काना, त, हलन्त, म, काना अशी आठ चिन्हे मोजतो. म्हणजे हाती सात सोंगट्या असताना तो एकट्याने मांडताच येणार नाही. आपल्या शब्दकोड्यांत मात्र तो हु-ता-त्मा असा तीनच घरांत बसतो. मराठी कानाला हीच मोजणी स्वाभाविक वाटते.

म्हणून सोंगटीवर केवळ व्यंजन किंवा स्वर असावा. काना-मात्रा खेळाडूने द्यावी आणि एकदा दिलेली मात्रा बदलू नये. जोडाक्षरासाठी दोन सोंगट्या एकाच घरात ठेवाव्यात. तसे केल्यास 'हुतात्मा' चार सोंगट्यांत होतो. 'चादर'मधील 'द' वरून खाली 'दही' जुळेल, 'दार' जुळणार नाही; कारण तेथे 'दा' हवा. कन्नड व तेलुगू लिपींचीही घडण अक्षराचीच असल्याने त्या भाषा बोलणाऱ्या सोलापुरातील घरांनाही हीच रीत सोयीची ठरेल.

इंटरनेटवरील सामायिक स्प्रेडशीटमध्ये १५ बाय १५ चौकट आखल्यास सोलापुरातील आजी आणि पुण्यातील नातू एकाच पटावर खेळू शकतात. सोंगट्यांऐवजी दोघांनी अक्षरांच्या चिठ्ठ्यांचा सारखाच संच जवळ ठेवावा. येथे तपासनीस संगणक नसल्याने तीन गोष्टी आधीच ठरवाव्यात: प्रमाण कोणता कोश मानायचा, 'घरात', 'घराला' अशी विभक्तीची रूपे चालतील का, आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाल्यास शब्द बाद करायचा का. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' प्रमाण मानल्यास बोलीतील अनेक शब्दांनाही आधार मिळतो.

इंग्रजी खेळाने इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो, हे खरे. मराठी पट मांडला, तर नव्या पिढीच्या बोलण्यातून सुटत चाललेले शब्द निदान डाव जिंकण्यासाठी तरी पुन्हा आठवावे लागतील.