संचालकांचे वेतन व भागधारकांचे दावे : अमेरिकेतील न्यायनिर्णयांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आधुनिक कंपनीत मालकी भागधारकांची, तर कारभार संचालकांचा असतो. कारभाऱ्यांचा मोबदला अवाजवी वाटल्यास मालकाने दाद कोठे मागावी, हा प्रश्न या विभागणीतूनच निर्माण झाला. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील तीन खटल्यांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

रॉजर्स विरुद्ध हिल

१९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तंबाखू व्यवसायातील मक्तेदारी मोडून काढली. त्यानंतर १९१२ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीच्या भागधारकांनी एक पोटनियम संमत केला. १९१० च्या पातळीहून अधिक होणाऱ्या नफ्यापैकी अडीच टक्के अध्यक्षास व प्रत्येकी दीड टक्का पाच उपाध्यक्षांस द्यावा, अशी ही तरतूद होती. पुढे नफा अनेक पटींनी वाढला. टक्केवारी मात्र तीच राहिली. परिणामी १९३० मध्ये, महामंदीच्या काळात, अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल यांना १,६८,००० डॉलर वेतनाखेरीज ८,४२,५०७ डॉलर बोनस मिळाला.

रिचर्ड रीड रॉजर्स या भागधारकाने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये पोटनियम वैध ठरविला. परंतु दिलेल्या सेवेच्या मूल्याशी बोनसचा संबंध उरला नसेल, तर तितक्या अंशी ती देणगीच होय आणि अल्पमतातील भागधारकांचा विरोध असताना कंपनीची मालमत्ता अशी देऊन टाकण्याचा अधिकार बहुमतालाही नाही, असे तत्त्व मान्य केले. रकमा खरोखर अवाजवी होत्या काय, याची चौकशी खालच्या न्यायालयाकडे सोपविण्यात आली. मात्र दावा तडजोडीने मिटल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही.

रकमेकडून कार्यपद्धतीकडे

१९४१ मध्ये हेलर विरुद्ध बॉयलन या खटल्यात हीच कंपनी आणि हाच पोटनियम न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे आला. वाजवी वेतन मोजण्याचे माप न्यायालयाजवळ नाही, अशी भूमिका घेऊन न्यायाधीशांनी केवळ हिशोबातील चुकांपुरती वसुली मंजूर केली.

डिस्ने खटल्यात हा बदल पूर्णत्वास गेला. १९९५ मध्ये नियुक्त झालेले अध्यक्ष मायकेल ओव्हिट्झ चौदा महिन्यांतच पायउतार झाले व त्यांना सुमारे १३ कोटी डॉलर मिळाले. १९९७ मध्ये भागधारकांनी दावे दाखल केले. डेलावेअरच्या चॅन्सरी न्यायालयाने ३७ दिवसांच्या सुनावणीनंतर २००५ मध्ये निकाल दिला. संचालकांचे वर्तन आदर्श कारभाराच्या कसोटीस उतरत नाही, तथापि त्यांनी कर्तव्यभंग केलेला नाही, असा त्याचा आशय होता. २००६ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. रक्कम किती, यापेक्षा निर्णय कसा घेतला, हाच विचाराचा विषय ठरला.

निष्कर्ष

या तिन्ही खटल्यांत भागधारकांच्या हाती रक्कम फारशी लागली नाही. तथापि दाव्यांमुळे बंद दाराआडचे व्यवहार लोकांसमोर आले. १९३४ च्या रोखे विनिमय कायद्याने तर उच्चाधिकाऱ्यांचे वेतन जाहीर करणे नोंदणीकृत कंपन्यांवर बंधनकारक केले. भारताने निराळा मार्ग स्वीकारला. १९५६ च्या कंपनी कायद्याने सार्वजनिक कंपनीच्या व्यवस्थापकीय मोबदल्यास निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची मर्यादा घातली. २०१३ च्या कायद्यातही ती आहे. मात्र भागधारकांच्या संमतीने ती ओलांडता येते. म्हणजेच जे माप अमेरिकेतील न्यायालयांना सापडले नाही, ते येथे विधिमंडळाने ठरविले. पण त्याला अपवाद करण्याचा अधिकार पुन्हा बहुमताच्याच हाती राहिला. त्या बहुमताला मर्यादा कोणती, हा रॉजर्स यांच्या दाव्यातील प्रश्न म्हणूनच आजही अभ्यासनीय ठरतो.